हिरवा ठिपका

स्क्रीनवर हिरवा ठिपका आहे आणि समोरचा रॅक रिकामा आहे. ठिपका म्हणतो, चिप्सचा खोका पोचला. वर मलाच विचारतो, सेवा कशी वाटली? इकडे सर्किट बोर्डांची आमची लाइन सकाळपासून बंद पडलीय, त्याचं त्याला काय!

पुरवठादार, वाहतूकवाले आणि आम्ही, सगळ्यांना सगळं एकाच वेळी दिसावं म्हणून हे पोर्टल आणलं. आता सगळ्यांना एकाच वेळी एकच खोटं दिसतं. उशिराचा लाल शेरा नको म्हणून ट्रक पुरवठादाराच्या गेटबाहेर पडला रे पडला की तिकडचा माणूस 'पोचला' दाबून मोकळा होतो.

ऑनलाइन मीटिंगमध्ये मी ओरडलोच, "अहो, खोका कुठाय?"

पुरवठादाराकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, आमच्याकडे तर हिरवं दिसतंय."

दिसण्याची एवढी सोय झाली, म्हणून विचारण्याची सवयच गेली की काय आपली? शेवटी वैतागून ट्रकच्या ड्रायव्हरला फोन लावला.

"टायर फुटून सकाळपासून घाटात बसलोय, साहेब," तो म्हणाला. "बरं झालं विचारलंत. तुमचाच पहिला फोन."