मालक, गुलाम आणि आमची मेलपेटी

मी आजवर केलेल्या क्रांत्यांपैकी एकच यशस्वी झाली, आणि ती आमच्या घरच्या मेलपेटीत झाली.

कापसाला भाव मागणारी पत्रकं लिहिण्यात माझी दोन वर्षं गेली होती. अशात आमच्याच बाभुळगावच्या वावरात कपाशीचं बियाणं उगवलं नाही. बाबांनी तालुक्याच्या कृषी कार्यालयात तक्रार केली. सलीमभाई फोटोवाल्यांनी उजाड वावराचे अकरा फोटो काढून मला मेल केले. सुनावणी सोमवारी, आणि पुरावा तेवढाच.

घरातलं इंटरनेट फोनच्या तारेवर, आणि आमचा फोन दिवसातून दहा मिनिटं जिवंत असायचा. (उरलेला वेळ शोभेची वस्तू.) म्हणून मी संगणकात एक प्रोग्राम बसवला. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, की लांबच्या सर्व्हरवरची पेटी आणि घरातली पेटी सारखी होते. मग फोन मेला तरी मेल घरात.

त्याआधी एक फाइल भरायची होती. तीत सर्व्हर ‘मास्टर’ आणि आपला संगणक ‘स्लेव्ह’ असं आयतंच लिहून आलेलं. माझं डोकं फिरलं. कुठल्या तरी परदेशातला डबा मालक आणि बाभुळगावचा गुलाम? बियाण्यात तेच, भावात तेच, आता मेलमध्येही तेच? मी दोघांची अदलाबदल केली. वर, विषमता मुळातून जावी म्हणून ‘मालकाकडे जे नाही ते गुलामाकडचंही पुसावं’ हा पर्याय चालू केला. (माहितीपत्रकात इथे इशारा होता. पण आम्ही पत्रकं लिहितो, वाचत नाही.)

एंटर दाबलं. नवा मालक, म्हणजे आमच्या संगणकातली पेटी, तासाभरापूर्वीच जन्मलेला, पोट रिकामं. गुलामाने इमानदारीत त्याची बरोबरी केली.

बाबा मागेच उभे होते. "झालं का सारखं?"

"एकदम सारखं," मी म्हणालो. खोटं नव्हतं. दोन्हीकडे शून्य.

"मंग फोटू दाखव."

मला खरं सांगावं लागलं. बाबा म्हणाले, "पन तुले मालक व्हायले कोनं सांगतलं होतं?"

मी सलीमभाईंकडे धावलो. त्यांनी कॅमेऱ्याचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि हळहळून म्हणाले, "भाऊ, तुमच्या वावरावर तं राजूरची शादी चढली ना."

आता फोटोंची प्रत जगात एकाच ठिकाणी होती: खुद्द बियाण्याच्या कंपनीत. पहिल्याच दिवशी मी ते फोटो तिला पाठवले होते, सोबत दोन पानी पत्र. त्यात ‘थैलीत माती भरून विकणारे दरोडेखोर’ हा त्यातल्या त्यात सभ्य शब्द. बाबा म्हणाले, मग त्यांनाच माग. मी ‘आदरणीय महोदय’ असं आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं. उत्तर आलं नाही.

सोमवारी कंपनीचा माणूस जाडजूड फाइल घेऊन आला. आमच्याआधी त्याचीच तक्रार: या शेतकऱ्याच्या पोराने कंपनीला अश्लाघ्य भाषा वापरली. पुरावा म्हणून त्याने माझी मेल छापून सुनावणी घेणाऱ्या साहेबांपुढे ठेवली. अख्खी, अकरा फोटोंसकट. तो खणखणीत आवाजात पत्र वाचत होता आणि साहेब निवांत फोटो पाहत होते.

बाबांची तक्रार मान्य झाली. मला मात्र लेखी माफी मागावी लागली; ती मी आनंदाने, दोन प्रतींत मागितली.

तेव्हापासून घरात कुठलाही महत्त्वाचा कागद आला, की बाबा तो मला संगणकात ठेवू देत नाहीत. म्हणतात, "याले दोन शिव्या जोड आन् कंपनीले पाठोव. तुयापेक्षा ते नीट जपून ठेवते."