हलीमाआपा आणि रस्त्याची रुंदी

हलीमाआपांच्या हातात एकदा आपलं मनगट सापडलं, की त्यांचं बोलणं संपेपर्यंत सुटका नसायची. लातूर-नांदेड रस्त्यावरच्या आमच्या गावात त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. शाळेतल्या नोकरीसाठी मी या गावात आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडे बांगड्या भरायला गेले. माझी बोटं दाबून बघत त्या म्हणाल्या, "मास्तरीणबाई, हात कडक करून राहिलात. बांगडी फुटली तर चूक तुमची अन् नाव माझं." बोलता बोलता घरमालक पाणी सोडत नाही असं माझ्या तोंडून गेलं. आपांनी रस्त्यानं जाणाऱ्या त्या घरमालकाला दुकानातूनच हाक मारली आणि माझ्यादेखत झापलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं.

"गोल बोलायला लई ताकद लागती," त्या म्हणायच्या. "माझ्यात तेवढी न्हाई."

आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचा मोकळा प्लॉट होता. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमच्याही भिंतींना भेगा पडल्या. धक्के थांबेनात, म्हणून अख्खी गल्ली कितीतरी दिवस त्या प्लॉटवर पालं ठोकून राहिली. गल्लीतले बिराजदार सर तेव्हा कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. त्यांची बायको बाळंतीण होती. आपांनी दुकानापुढची ताडपत्री सोडून आणली आणि तिला आडोसा करून दिला. बाकीच्यांनी ताडपत्रीकडे बघितलं तर म्हणाल्या, "आधी सरांचं लेकरू. तुमी दमानं घ्या." त्या दिवसांत कोण कुणाच्या शेजारी झोपलं, हे कुणी विचारलं नाही.

पुढं लातूरच्या निकालांचा बोलबाला झाला आणि क्लासचं पीक आमच्या गावापर्यंत आलं. बिराजदार सरांनी नोकरी सोडून गल्लीतच दोन मजली क्लास बांधला. सकाळ-संध्याकाळ पोरांच्या सायकलींनी रस्ता भरायचा, आणि खिडकीतून सरांचा माईक आमच्या स्वयंपाकघरात यायचा. आम्ही काही म्हणत नव्हतो. पोरं शिकतायत, असं म्हणायचो.

गल्लीतली म्हातारी मुसलमान माणसं नमाजाला हायवे ओलांडून जुन्या मशिदीत जायची. एकदा तो ओलांडताना आपांच्या दिरांना ट्रकचा धक्का बसला आणि ते जन्माचे अधू झाले. तेव्हा आपांनी आपला प्लॉट छोट्या मशिदीसाठी देऊन टाकला. लोक म्हणाले, चार भिंती उभ्या करा, कोण विचारतंय? आपा भडकल्या. "न्हाई. नकाशा पास करूनच बांधायचं. चोरून बांधलेल्या घरात अल्लाला कशापायी बोलवायचं?"

त्यांनी रीतसर अर्ज केला. नगरपालिकेनं हरकती मागवल्या. सह्या गोळा करत दारोदार फिरले ते बिराजदार सर. माझ्याकडेही आले. मी सही केली नाही, एवढंच माझं कर्तृत्व. सुनावणीला मात्र आपांबरोबर गेले.

सर तयारीनं आले होते. रस्ता अरुंद आहे, गाड्या लावायला जागा नाही, आवाजाचा त्रास होईल, वस्तीचं स्वरूप बदलेल. एकेक मुद्दा त्यांनी वर्गात शिकवावा तसा मांडला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपा मात्र सगळं ऐकून शांतपणे उठल्या.

"सर, तुमच्या क्लासला सकाळच्याला किती पोरं येतात?"

"तो विषय आजच्या अर्जात नाही," अधिकारी मध्येच म्हणाले.

"मंग कोणत्या दिवशी हाय? सांगा, म्या येते."

मागं कुणीतरी हसलं. अधिकाऱ्यांनी खाली बसायला सांगितलं. आपा बसल्या नाहीत.

"भोंगा लावणार न्हाई, हे अर्जातच लिवलंय. आता रस्त्याचं बोलू. सर, तुमची हरकत रस्त्याला हाय का आमाला? रस्त्याला असंल तर माझ्या जागेतली पाच हात जागा रस्त्याला सोडते. लिहून घ्या सायब. अन् आमाला असंल, तर तसं लिहा. रस्त्याच्या आड कशाला लपता?"

सरांनी आपले कागद फाईलीत घातले. अधिकाऱ्यांनी काहीच लिहिलं नाही. महिन्याभरात उत्तर आलं: रहिवासी भागाच्या शांततेला बाधा येईल, सबब परवानगी नाकारण्यात येत आहे. पाच हात जागेचा त्यात शब्दही नव्हता. आणि पुढच्याच उन्हाळ्यात त्याच अरुंद रस्त्यावर, त्याच शांत भागात, सरांच्या क्लासवर तिसरा मजला चढला. तो परवानगी घेऊन चढला. त्यावर कुणाची हरकत नव्हती.

मग एक नगरसेवक दुकानात आला. मी तिथंच होते. "आपा, गुपचूप बांधून टाका. आम्ही कानाडोळा करतो."

"आज कानाडोळा करताल, अन् उद्या निवडणूक आली की डोळे वटारताल," आपा म्हणाल्या. "मला मेहेरबानी नको. व्हय का न्हाई ते कागदावर पायजे." तो उठून गेला. त्यांची स्वतःची माणसंसुद्धा चिडली, बाईच्या हट्टापायी मशीद अडली म्हणाली. आपांनी लातूरला खेटे घालून अपील केलं. तेही फेटाळलं गेलं. त्या दिवशी त्या माझ्या घरी आल्या आणि माझ्या हातचा चहा न पिता नुसत्या बसून राहिल्या. त्यांना गप्प बसलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं.

गुडघे थकल्यावर लेकीनं त्यांना नांदेडला न्यायचं ठरवलं. तिथंच दोन वर्षांनी त्या वारल्या. गाव सोडून निघायच्या दिवशी एसटी स्टँडवर आम्ही पाच-सहा बायका होतो. तेवढ्यात बिराजदार सर आले. हातात केळ्यांची पिशवी होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं ते म्हणाले, "आपा, झालं गेलं विसरून जा. मनात काही ठेवू नका."

आपांनी पिशवी घेतली आणि लेकीकडे दिली. मग म्हणाल्या, "म्या कशाला ठिवू, सर? मनात तुमी ठिवलं. म्या तर भर सभेत बोलले."