रंगवलेलं जस्त

बोटीच्या तळाला बसवलेल्या जस्ताच्या तीन तुकड्यांना मी लाल रंगाचे दोन हात मारले आणि मग चार पावलं मागे जाऊन आपलंच काम कौतुकाने बघत उभा राहिलो. सगळा तळ कसा एकसारखा, लालचुटुक. बोटदुरुस्तीच्या त्या यार्डात माझा तिसरा आठवडा होता. मालक जेवायला घरी गेले होते. गावच्या शाळेत दर सुट्टीत बाकं रंगवायचं काम माझ्याकडे असायचं, त्यामुळे रंगाच्या बाबतीत कुणाला काही विचारण्याइतका कमीपणा मी घेणार नव्हतो.

जस्त कशासाठी असतं, हे मला नऊ महिन्यांनी कळलं. खारं पाणी बोटीखालच्या धातूला हळूहळू खातं. म्हणून त्याला आधी चघळायला जस्त द्यायचं. जस्त झिजतं आणि बोट ढकलणारा पितळी पंखा वाचतो. जस्तावर रंग फासला की समुद्राला ते सापडत नाही, आणि समुद्र काही उपाशी राहत नाही. हे यार्डातल्या कुत्र्यालाही माहीत असावं. मला नव्हतं.

बोट होती उद्याकाकांची. हे नाव बंदरातल्या लोकांनी ठेवलेलं. काका मूळचे लिफ्टचे मेकॅनिक. "एकतीस वर्षं वरखाली केलं, आता आडवं जायचं," असं म्हणत त्यांनी राहतं घर विकून बत्तीस फुटांची जुनी शिडाची बोट घेतली आणि काकूंना घेऊन तिच्यावरच संसार मांडला. बेत सोपा होता. बेटाबेटांनी मुक्काम करत दक्षिणेला जायचं, जिथे वादळं पोचत नाहीत. एका वर्षी शीड फाटलं, एका वर्षी पाण्याची टाकी गळली, एका वर्षी काकूंची आई आजारी पडली. सहा वर्षं बोट त्याच जागी नांगर टाकून. कुणी विचारलं, "काय काका, कधी?" की उत्तर ठरलेलं. "उद्या. हवा बघून."

रविवारी मी छोट्या होडीतून त्यांचं सामान पोचवायला जायचो आणि चहाला थांबायचो. एवढ्या उष्ण समुद्रात बोटीवर राहणं चित्रात फार छान दिसतं. प्रत्यक्षात बरणीतल्या मिठाचं पाणी होतं, काडेपेटी पेटत नाही आणि पेटीतल्या चांगल्या शर्टाला हिरवी लव येते. झोपायची जागा बोटीच्या टोकाला, तिकोनी. दोघांचे पाय एकाच कोपऱ्यात. "लग्नात एवढे जवळ नव्हतो," काकू म्हणायच्या. आंघोळ समुद्रात, शेवटी अंगावर गोड्या पाण्याचा एकच तांब्या. नकाशांच्या टेबलावर नकाशा कधी दिसला नाही. तिथे काकूंचं शिवणयंत्र असायचं. बंदरातल्या निम्म्या बोटींची शिडं त्यांच्या हाताखालून गेलेली.

"ये रे रंगाऱ्या," त्या मला म्हणायच्या. "तुझ्या काकांना विचार, आज कुठे पोचलो आपण?"

"चेष्टा कर तू," काका इंजिनाच्या खड्ड्यातून डोकं वर काढायचे. "या वर्षी बघच."

त्या वर्षी ते खरंच बोलत होते. कारण काकूंचे गुडघे. छोट्या होडीतून बोटीवर चढायला चार पायऱ्यांची शिडी होती आणि त्या चार पायऱ्यांना काकू आता मध्ये एकदा थांबायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जेमतेम एखादं वर्ष, मग शिडी विसरा. म्हणजे जायचं तर हेच वर्ष. तिकडे दक्षिणेला पोचलं की धक्क्याला बोट बांधता येते, पाऊल टाकलं की जमीन, असं काकांनी कुठेतरी वाचलं होतं. काकांनी दोऱ्या बदलल्या, शिडं तपासली, सहा महिन्यांचं धान्य डब्यांत भरलं. डब्यांवर काकूंनी चिठ्ठ्या लावल्या.

वादळांचे दिवस तीन आठवड्यांवर आले आणि अकरा बोटी एकाच सकाळी निघाल्या. काकांची बारावी. नांगर ओढायला मी गेलो होतो. काकांनी इंजिन सुरू केलं, गिअर टाकून पंखा फिरवला, आणि सगळी बोट हिवताप आल्यासारखी थडथडायला लागली.

"अहो, भांडी नाचतायत!" काकू आतून ओरडल्या.

मी पोहण्याचा चष्मा लावून पाण्यात उतरलो. पितळी पंखा गुलाबी झाला होता. पातं बोटांनी चाचपलं तर चहातल्या बिस्किटासारखा तुकडा हातात आला. शेजारी जस्ताचे तीन तुकडे, लाल, गुटगुटीत, एक कणही कमी नाही. पाण्याखाली घाम फुटतो, हे मला त्या दिवशी कळलं.

वर आलो. काकांनी तो तुकडा तळहातावर घेतला.

"जस्त संपलं होय रे?"

"नाही काका. जसंच्या तसं आहे."

"असं कसं?"

"त्याच्यावर रंग आहे. मीच दिलाय."

काका शिव्या देतील म्हणून मी शिडी घट्ट धरून थांबलो होतो. त्यांनी नुसतं बंदराच्या तोंडाकडे बघितलं. तिथे खडकांमधली अरुंद वाट, तिच्यात वारा समोरून येणारा. नुसत्या शिडांवर तिथून बाहेर पडणं दोन म्हाताऱ्यांचं काम नव्हतं. अकरावी बोट तेवढ्यात बाहेर पडत होती.

"महिन्यातून एकदा खाली उतरून बघायचं ठरवलं होतं मी," काका म्हणाले. "ठरवलं होतं."

काकू दारात आल्या. डोक्याला रुमाल, पायांत नवे बूट.

"काय झालं?"

"पंखा गेला."

"मग दुसरा लावा."

"सात आठवडे लागतात यायला."

काकूंनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि आत जाऊन बूट काढले.

मालकांनी मला शिव्या घातल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. जुना पंखा कुठून तरी मिळवून त्यांनी फुकट बसवायला घेतला, तर ज्यावर पंखा बसतो तो दांडाही पोखरलेला निघाला. काकांची बोट ओढून खाडीत नेली आणि झाडांना बांधली. वादळं आली आणि बाजूने निघून गेली. बोट वाचली, परत आपल्या जागी आली. ती बुडाली असती तर बरं, असं काका एकदा म्हणाले आणि लगेच विषय बदलला.

पंखा गेल्यापासून चौथ्या महिन्यात काकू शिडीवरून घसरल्या. मार फार नव्हता, पण त्या पुन्हा चढल्या नाहीत. शहरातल्या बहिणीकडे गेल्या. शिवणयंत्र मी होडीतून उतरवलं.

"महिनाभरात बोट ठीक करतो, मग तुला आणतो," काका म्हणाले.

"आणा," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "यांना डाळीचा डबा कुठला ते दाखव रे. चिठ्ठ्या ओल्या होऊन पडल्यात."

त्या परत येणार नाहीत हे तिघांनाही कळत होतं. सांगायचं कुणी, एवढाच प्रश्न होता, आणि तो कुणी सोडवला नाही.

बोट विकायला काढली. बघायला आलेले इंजिनाच्या खड्ड्यात वाकायचे, दांडा बघायचे आणि चहा पिऊन जायचे. शेवटी भंगारवाला आला. त्याला डोलकाठी नको होती, शिडं नको होती. बोटीच्या पोटाखाली वजनासाठी ओतलेलं शिसं तेवढं हवं होतं. काकांनी होकाराची मान हलवली.

ज्या दिवशी तो बोट न्यायला येणार, त्या सकाळी काका ब्रश घेऊन बोट धुवायला बसले.

"काका, तोडायलाच नेतोय तो."

"म्हणून काय झालं? दुसऱ्याच्या हातात घाण वस्तू द्यायची का?"

टाकीत पाणी नव्हतं. शेजारी नांगरलेल्या बोटीवर एक निवृत्त नर्सबाई एकट्याच राहायच्या. मी होडी घेऊन गेलो आणि वीस लिटरचा कॅन मागून आणला. बोटीवर गोडं पाणी मागणं म्हणजे काय, हे आता मला माहीत होतं. "दुपारपर्यंत भरून आणून देतो," मी म्हणालो. "सावकाश दे," त्या म्हणाल्या.

सगळं पाणी संपलं. काकांनी शेवटच्या भांडंभर पाण्याने आपले हातही धुतले नाहीत, दाराची काच पुसली. भंगारवाल्याने दोर बांधला आणि बोट ओढत नेली. काका आपली पिशवी घेऊन बसथांब्याकडे निघाले. मी पोचवायला गेलो. "तू ये आता, काम असेल," ते म्हणाले. काम नव्हतं, तरी मी आलो.

कॅन भरून घेऊन गेलो तर नर्सबाईंची बोट जाग्यावर नव्हती. हवा चांगली होती, त्या दक्षिणेकडे निघून गेल्या होत्या. वीस लिटर पाणी त्यांना द्यायचं राहिलंय.