सरांची तिन्हीसांजेची हजेरी

सरांच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी लॅबमधलं काम आवरत होते. बेळगावात एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायचं काम मी बरीच वर्षं करते. अनोळखी नंबर होता. रिपोर्ट तयार झाला का विचारायला कुणीतरी केला असेल, असं वाटून उचलला.

"आक्का, तुम्ही शिबिरातल्या ताई न्हवं?" तिकडून एक बाई म्हणाली. "मी सरांची सून, निपाणीस्नं. आमचे मामंजी रोज तिन्हीसांजेला दारात जाऊन बसाय लागल्यात. पोरं नदीला गेल्यात, अजून आली न्हाईत म्हणतात. जेवत न्हाईत. ताईला विचार, तीच घेऊन गेलीया, असं म्हणतात."

सरांना विसरायला होतं हे मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांची पत्नी गेली आणि मुलगा त्यांना बेळगावहून निपाणीला घेऊन गेला, तेव्हापासून ते वाढलं होतं. पण ते माझी वाट बघत बसतात, हे नवीन होतं.

सर हायस्कूलमध्ये पी.टी. शिकवायचे. दर मे महिन्यात ते खानापूरच्या पुढं, जंगलाला लागून असलेल्या एका बंद शाळेत दहा दिवसांचं शिबिर घ्यायचे. शहापूर, वडगाव, कंग्राळी, पिरनवाडी इथली मुलं असायची. विणकरांची, शेतकऱ्यांची, एखाददुसरं कारकुनाचं. मी आधी दोन वर्षं मुलगी म्हणून गेले आणि कॉलेजला गेल्यावर ताई म्हणून. स्वयंपाकाला खानापूरच्या एक मावशी होत्या. बस, एवढाच आमचा स्टाफ. शेवटच्या वर्षी बेचाळीस मुलं होती. सर मुलांना नंबरानं हाक मारायचे आणि दिवसातून चार वेळा हजेरी घ्यायचे. ज्यानं त्यानं आपला नंबर आपल्या तोंडानं सांगायचा. चौदा नंबरचा मुलगा घरी कन्नड बोलायचा, तो हदिनाल्कु म्हणायचा. त्यात कुणाला काही वेगळं वाटायचं नाही.

त्याच वर्षी एकदा मी मुलांना नदीवर घेऊन गेले आणि परतीची वाट चुकले. आम्ही शाळेत पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. सर रस्त्यात उभे होते, गळ्यात शिट्टी. मला एक शब्द बोलले नाहीत. मुलांना दोनदा मोजलं आणि जेवायला बसवलं. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली आणि शिबिर बंद पडलं.

त्या वर्षीचं रजिस्टर माझ्याकडं राहिलं होतं. चार वर्षांपूर्वी त्यावरून एकेकाला शोधून मी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. बेचाळिसांपैकी चौतीस जण सापडले. मावशींनाही त्यांच्या नातवाच्या फोनवरून घेतलं. पहिला महिनाभर सगळे रात्रंदिवस बोलत होते. मग सकाळची फुलं, वाढदिवसाचे केक आणि पुण्यातल्या फ्लॅटच्या जाहिराती उरल्या. भेटायचं ठरलं की कुणाला तरी लग्न असायचं. तीनदा ठरवून मी नाद सोडला.

त्या दिवशी सुनेनं फोन सरांच्या हातात दिला. मी सांगितलं, सर, आलो आम्ही सगळे.

"मोजलीस?"

"व्हय सर. बेचाळीस."

"मला ऐकू दे," सर म्हणाले.

आता काय करायचं? उद्या ऐकवते म्हणाले आणि ठेवला. घरी जाऊन ग्रुपवर सगळं लिहिलं. कुणी वाचेल की नाही याचीच शंका होती, पण अर्ध्या तासात एकवीस जणांनी होकार दिला. दुसऱ्या दिवशी साडेसहाला ग्रुप कॉल लावला. कुणी बेंगळूरच्या ऑफिसच्या जिन्यात होतं, कुणी गोव्यात, एक जण दुबईहून. नऊ नंबर आता बेळगावात वायरिंगची कामं घेतो, तो कुणाच्या तरी गच्चीवरून बोलत होता. जे नव्हते त्यांचे नंबर बाकीच्यांनी वाटून घेतले. शेवटी मावशी म्हणाल्या, "जेवायला बसवलंय सर सगळ्यांस्नी. आमटी-भात हाय." पलीकडून सरांचा सुस्कारा ऐकू आला. त्या दिवशी ते दोन भाकऱ्या जेवले, असं सुनेनं कळवलं.

मग रोज साडेसहाला हजेरी सुरू झाली. हजेरी संपल्यावर सर फोन ठेवायचे आणि आम्ही मात्र तसेच बोलत बसायचो. मला खरं सांगायचं तर त्या आठवड्यात फार बरं वाटत होतं. चार वर्षं हातापाया पडून जे झालं नव्हतं ते सरांच्या आजारानं केलं होतं, आणि असं वाटतं याची लाजही वाटत होती.

अडचण एकाच ठिकाणी यायची. अठरा नंबर झाला की वीस नंबरला सर बोलू द्यायचे नाहीत. "थांब," म्हणायचे, आणि स्वतः गप्प बसायचे.

एकोणीस नंबर ही वडगावच्या एका विणकराची मुलगी होती. ती तोतरी होती. एकोणीसमधला पहिलाच 'ए' तिच्या तोंडात अडकायचा. मुलं हसायची, कुणी तरी तिच्यासाठी ओरडून टाकायचं. सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, तिचं ती सांगेल, आपण थांबायचं. मग बेचाळीस जण उन्हात उभे राहायचो. कधी अर्धं मिनिट जायचं. ती मान खाली घालून, मुठी आवळून शेवटी सांगायची आणि सर पुढच्याकडं बघायचे.

ही मुलगी मला सापडलीच नव्हती, आणि सरांची ती ताकीद आठवून तिचा नंबर कुणी वाटून घेतला नव्हता. कॉलवर सर थांबले की मी काहीतरी थाप मारायचे. झोपली, सर. मावशींकडं गेली आहे, सर. ते हुं म्हणायचे आणि मगच वीस नंबर व्हायचा. पण रोज ते थोडं जास्त थांबायला लागले. वीस-पंचवीस माणसं फोन कानाला लावून गप्प. पलीकडं निपाणीच्या रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज.

म्हणून एका रविवारी मी वडगावला गेले. रजिस्टरमध्ये तिच्या वडिलांचं नाव आणि गल्ली एवढंच होतं. त्या घरात आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दोन घरं सोडून माग चालू होता, तिथल्या म्हाताऱ्या बाईंना आवाज देऊन विचारलं. त्यांनी माग बंद करायला लावला आणि मला आत बसवलं.

"ती अडखळून बोलायची ती व्हय?" त्या म्हणाल्या. "तिचा बाप गेला इचलकरंजीला, पॉवरलूमवर. लई वर्सं झाली. पोरीचं लगीन झालं म्हणं. कुठं दिलं, ठावं न्हाय बाई."

इचलकरंजीत आमचा एकवीस नंबर राहतो. त्यानं दोन रविवार चौकशी केली. तो म्हणाला, ताई, इथं माग किती आणि माणसं किती, आपल्याकडं तिचं सासरचं आडनावसुद्धा नाही. मी फेसबुकवर पाहिलं, तिच्या नावाच्या कितीतरी बायका निघाल्या. एकीला निरोप पाठवला, तिचं उत्तर आलं की आपण कधी शिबिराला गेलो नाही.

तेवढ्यात दुसरंच सुरू झालं. एका संध्याकाळी चार नंबर झाल्यावर सर म्हणाले, ही मुलं नव्हेत, ही मोठी माणसं आहेत, मुलांना फोन द्या. चाळिशीकडं झुकलेल्या माणसांनी मुलांचा आवाज कुठून काढायचा? नऊ नंबरनं काय केलं, आपल्या आठ वर्षांच्या लेकीच्या हातात फोन दिला. ती म्हणाली, नऊ, सर.

"नऊ, गुडघा बरा झाला का?" सरांनी विचारलं.

ती जरा थांबून हो म्हणाली. तिच्या बापाचा गुडघा शिबिरात तिसऱ्या दिवशी फुटला होता.

दुसऱ्या दिवसापासून ज्यांना मुलं होती त्यांनी मुलांना बसवलं. बेंगळूरच्या मुलांना मराठी आकडे येईनात, ती नाईन्टीन-ट्वेंटी शिकलेली. त्यांना त्यांचे आईबाप आधी घोकवून घ्यायचे. दोघांनी ग्रुपवर लिहिलं की हे आपण चुकीचं करतोय, म्हाताऱ्या माणसाला किती फसवायचं. एकाच्या बायकोनं मुलाची शिकवणी बुडते म्हणून हरकत घेतली. आणि सव्वीस नंबरनं मला वेगळा फोन केला. तो पिरनवाडीत एकटाच राहतो. म्हणाला, "ताई, माझ्याकडं कुणी न्हाय. मी काय करू?" मी त्याला म्हटलं, तू नुसतं ऐक. तो बरं म्हणाला. यापेक्षा काही चांगलं मला सुचलं नाही.

त्यानंतर जे केलं ते मीच केलं. माझ्या भाचीला मी बोलावून घेतलं आणि एकोणीस म्हणायला सांगितलं. जरा अडखळून म्हण, असंही सांगितलं होतं, पण ते तिला जमलं नाही, का लाज वाटली, कोण जाणे. अठरा झालं. सर थांब म्हणाले. आणि भाची स्वच्छ आवाजात म्हणाली, एकोणीस, सर.



"ताई," ते म्हणाले, "तू पुन्हा तिच्याऐवजी बोललीस."

त्या नदीवरून उशिरा आलेल्या संध्याकाळी, रस्त्यात हजेरी चालू असताना एकोणीस नंबर अडकली होती. मला रडू येत होतं, मुलं दमली होती, आणि मी चटकन तिच्यासाठी नंबर सांगून टाकला होता. सर तेव्हा माझ्याकडं फक्त बघत राहिले होते. नंतर त्यांनी तिच्यासमोर उकिडवं बसून परत हजेरी घेतली, पहिल्यापासून. ती दुसरी हजेरी त्यासाठी होती. बायकोचं जाणं, मुलाचं नाव, आपण कुठल्या गावात आहोत हे सगळं विसरलेल्या माणसाला हे आठवत होतं. मी चुकले, सर, म्हणाले. पण फोन सुनेनं कधीच घेतला होता. ती म्हणत होती, रडाय लागल्यात, आक्का, आज असू दे.

पुढच्या आठवड्यात सरांना ताप भरला. पाच दिवस दवाखान्यात होते. परत आले ते दाराकडं गेले नाहीत. साडेसहाला सुनेनं टीव्ही लावून दिला, तर टीव्ही बघत जेवले. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या होत्या, की ते आपोआपच झालं, आम्हाला कळलं नाही. ती म्हणाली, आता काही विचारत नाहीत. तिच्या आवाजात सुटका होती, आणि दीड महिना तिनं जे काढलं होतं ते बघता त्यात वावगं काहीच नव्हतं.

मी जूनमध्ये एक दिवस रजा टाकून निपाणीला गेले. घर तंबाखूच्या एका वखारीमागं आहे. सर खुर्चीत बसले होते, दाढी केलेली, धुतलेला सदरा. मला बघून उठायला लागले. "या बाई, बसा," म्हणाले, "मुलगा कामावर गेलाय. येईल इतक्यात."

मी सांगितलं, सर, मी ताई. शिबिरातली.

"असं का," सर म्हणाले. "बरं झालं आलात."

सुनेनं चहा आणला. सरांनी आपल्या बशीतलं एक बिस्कीट माझ्या बशीत ठेवलं. मी नदीचं नाव काढलं, खानापूरचं काढलं, मावशींचं काढलं. ते मान डोलवत राहिले, परक्या बाईशी बोलावं तसे सभ्यपणे. पर्समध्ये रजिस्टर होतं, ते बाहेर काढायचा धीर झाला नाही. पुन्हा ते दारात जाऊन बसावेत असं मला वाटत होतं का? तसं वाटलं असेल तर ते कुणासाठी? तासाभरानं निघाले. सून गल्लीच्या तोंडापर्यंत आली. माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही लई केलासा, आक्का."

निपाणीच्या स्टँडवर बेळगाव गाडी लागायला वेळ होता. बाकावर बसून ग्रुप उघडला. सर दवाखान्यात गेल्यापासून रोज कुणी ना कुणी विचारत होतं, कॉल आहे का. मी दोनदा लांबलचक लिहिलं आणि खोडलं. शेवटी एवढंच पाठवलं: सर बरे आहेत. जेवतात. आता हजेरीची गरज नाही.

हात जोडलेले, अंगठे, फुलं, एकामागून एक येत गेलं. कुणीतरी लिहिलं, देवाची कृपा. दुबईच्या मुलानं विचारलं, मग आता साडेसहाला काय, ताई?

गाडी लागली. कंडक्टर कन्नडमध्ये बेळगावी, बेळगावी ओरडत होता. फोन हातात तसाच धरून मी चढले आणि खिडकीशी बसले. संकेश्वर आलं तरी त्याला काय उत्तर द्यायचं ते ठरत नव्हतं.