चौगुले सरांची ‘विथ’ची वही

शी! सकाळी डेअरीचं शटर वर केलं की पहिल्यांदा माझंच थोबाड मला दिसतं. समोर चौकात वीस फुटी फ्लेक्स. मधी माझी पोरगी तेजस्वी, फौजदाराच्या वर्दीत. वर्दी अजून तिच्या अंगावर चढली न्हाय, ती कॉम्प्युटरनं चढवलीया. शेजारी अकॅडमीचा मालक विजयसिंह, हात जोडून, जणू ह्यानंच तिला जन्म दिलाय. आन् खाली कोपऱ्यात मी, फेटा बांधून दात काढतोय. वर लिवलंय, ‘इंग्रजीत नापास होणारी कन्या आमच्या मार्गदर्शनामुळे फौजदार!’

धादांत खोटं हाय. आन् ते खोटं माझ्या पोरीच्या तोंडातनं मीच वदवून घेतलंय.

खरं काय ते सांगतो. माझ्या खोक्यापासनं चाळीस पावलांवर अण्णासो चौगुले सरांचं घर. इथंच कुरुंदवाडात हायस्कुलात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं त्यांनी. रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली. घरात ते आन् त्यांची बायको अक्काताई, दोघंच. जैन माणसं, दिवस मावळायच्या आत जेवणार, कुणाच्या अध्यात न्हाय की मध्यात न्हाय. सर रोज सकाळी किटली घेऊन दुधाला यायचे, आन् दूध मापून होईस्तवर मला इंग्रजी सांगायचे. मला! सातवी नापासाला!

त्यांना नाद एकच. इंग्रजीतला एक शब्द, ‘विथ’. म्हणजे आपलं ‘-शी’, ‘-बरोबर’, ‘-नं’. एवढुसा शब्द, पर त्याच्यावर चाळीस वर्षं लिवलेली जाडजूड वही होती त्यांच्याकडं. कुठल्या पुस्तकात तो कुठल्या अर्थानं आला, हजार वर्षामागं काय होता, मग कसकसा बदलला, सगळं बारीक अक्षरात. गाव त्यांना ‘विथमास्तर’ म्हणायचं. मीबी हसायचो की! खोटं कशाला बोलू?

२०१९च्या महापुरात पाणी घरात शिरलं तवा बोटीत बसताना सरांच्या हातात काय, तर ती वही. माझ्याच डेअरीच्या दुधाच्या पिशव्यांत गुंडाळलेली. अक्काताईंनी कपाळावर हात मारला. “माझा संसार बुडाला आन् ह्यांनी ‘विथ’ वाचवला!” अख्खी बोट हसली. सरबी हसले, पर वही छातीपासनं हलवली न्हाय.

आता तेजस्वीचं. पोरगी पळण्यात, गोळाफेकीत पोरांना मागं टाकायची. घोडं अडायचं ते इंग्रजीत. दोनदा फौजदारकीची परीक्षा दिली, दोनदा इंग्रजीनं घालवली. म्हणून मी तिला विजयसिंहाच्या अकॅडमीत घातली. तिथं पहिल्याच दिवशी दीडशे शब्दांची यादी हातात दिली आन् घोका म्हणाले. महिन्यानं टेस्ट झाली. हिचं चुकलं तवा त्या विजयसिंहानं हिला दोनशे पोरांपुढं उभं केलं आन् म्हणाला, “म्हशीमागं फिरणाऱ्यांनी इंग्रजीच्या नादाला लागू नये.” पोरगी तशीच उठून घरी आली. आठ दिवस धड जेवली न्हाय. ह्या माणसाचं हे बोलणं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढं मी काय केलं ते कळंल.

मी सरांच्या दारात गेलो. म्हणालो, “सर, पोरीचं बघा की वाईच.” सर म्हणाले, “उद्यापासून चारला पाठव. आणि ती यादी असेल तर रद्दीत घालायला सांग.”

पहिल्या दिवशी मीबी तिच्यासंगट गेलतो. वाटलं, आता यादी सुरू. सरांनी विचारलं, “तेजस्वी, कुस्ती बघतेस ना? दोन पैलवान एकमेकांच्या मानेला हात घालून उभे आहेत. ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत की जवळ?”

पोरगी म्हणाली, “दोन्ही, सर.”

“बस! ‘विथ’ची सुरुवात तिथं आहे. हजार वर्षांपूर्वी ह्या शब्दाचा अर्थ होता विरुद्ध, समोरासमोर. ‘विथस्टँड’ म्हणजे पाय रोवून समोर उभं राहणं, त्यात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. ‘बरोबर’ म्हणायला त्यांच्याकडं वेगळाच शब्द होता, ‘मिड’. तो मागं पडला आणि त्याचं काम ह्या भांडखोरानं घेतलं. का घेतलं, ह्यावर विद्वान अजून भांडतात. पण आपल्या मराठीला विचार. आपण माणसाशी भांडतो आणि माणसाशीच बोलतो. ‘शी’ एकच.”

“मग त्यो ‘मिड’ मेला काय, सर?” हे मी विचारलं. पोरगी माझ्याकडं बघाय लागली.

सरांचा चेहरा असा फुलला! “नाही मेला, आकाराम. ‘मिडवाईफ’ शब्दात लपून बसलाय. मिडवाईफ म्हणजे सुईण. जुन्या इंग्रजीत ‘वाईफ’ म्हणजे नुसती बाई. बाळंत होताना बाईबरोबर असते ती. ती बाळ जन्माला घालत नाही, नुसती बरोबर असते. पण ती नसली तर काय होतं, ते तुझ्या आईला विचार.”

तीन महिने त्यांनी ह्या एका शब्दावर घालवले. मी कातावलो. पोरगी म्हणाली, “आबा, एक शब्द नीट कळला की बाकीचे घोकाय लागत न्हाईत, आपोआप कळतात.” पुढं दीड वर्ष ती रोज चारला जायची आन् दिवस मावळायच्या आत परत यायची. सरांनी एक पैसा घेतला न्हाय. दुधाचे मात्र रोख द्यायचे, फुकट दिलं तर किटली उपडी करायचे.

आन् पोरगी पास झाली. इंग्रजीत तर जिल्ह्यात वरच्या नंबरात. फौजदार! त्या सांजेला सरांनी ती वही तेजस्वीच्या हातात दिली. म्हणाले, “आता ही तुझी. माझ्यामागं रद्दीत जाण्यापेक्षा बरं.”

चौथ्या दिवशी विजयसिंहाची पांढरी गाडी दारात. शाल, नारळ, फेटा, दोन फोटोग्राफर. मला ‘काका, काका’ करून मिठीच मारली की ओ! म्हणाला, “पोरगी आमचीच. एक छोटा व्हिडिओ पायजे. ‘माझं इंग्रजी ह्या अकॅडमीत सुधारलं’, एवढंच म्हणायचं. तुमच्या सम्राटला दोन वर्षं फुकट शिकवतो, हॉस्टेलसकट.” सम्राट माझा धाकटा.

तेजस्वी म्हणाली, “मेले तरी म्हणणार न्हाय.”

आन् मी? मी तिला आत नेलं आन् म्हणालो, “भावाचं वाटोळं करू नगस. तुला माझी शप्पथ हाय.” बापानं शप्पथ घातली! सरांना काय फरक पडतोय, ते तर म्हातारे झाले, असंबी म्हणालो. आता आठवलं की सवतावरच थुंकावं वाटतं. ती बाहेर आली, कॅमेऱ्यापुढं उभी राहिली आन् तिसऱ्या वेळंला ते वाक्य म्हणाली. मला फेटा बांधला तवा मी हसलो. तेच हसू वर टांगलंय.

नाशिकला ट्रेनिंगला जाताना तिनं ती वही दुधाच्या पिशवीत गुंडाळून माझ्या गल्ल्याशेजारी ठेवली. “आबा, ही सरांना परत द्या. मला ती ठेवायला तोंड न्हाय.” माझ्याकडं बघितलंबी न्हाय तिनं. मी काय ती परत दिली न्हाय. काय सांगून देणार?

फ्लेक्स लागला त्या दिवशी सर किटली घेऊन आले. चष्मा पुसून सगळा फ्लेक्स वाचला, वरपासनं खालपर्यंत. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दूध घेतलं आन् म्हणाले, “तेजस्वीला थंडीचे कपडे दिलेत ना? नाशकात गारठा असतो.” त्यानंतर ते आले न्हाईत. अक्काताई यायला लागल्या.

परवाची गोष्ट. अक्काताईंची किटली काट्यावर ठेवलेली, मी दूध ओततोय. तेवढ्यात एक माणूस आला, पायात चिखलाच्या चपला, मागं अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी. राधानगरीकडचा. फ्लेक्सकडं बोट करून म्हणाला, “पावणं, ह्या फोटूतलं तुम्हीच न्हवं? तुमच्यासाठनंच आलोय. माझ्या पोरीला इंग्रजी जमंना. अकॅडमीची फी भराय म्हस इकतोय, गिऱ्हाईक ठरलंय. तुम्ही सांगा, तुमच्या पोरीला तिथंच जमलं काय? तुम्ही व्हय म्हणला की झालं.”

चाळीस पावलांवर सरांचं दार उघडं होतं. समोर अक्काताई उभ्या होत्या. एक शब्द खरा बोलायचा होता. पर माझ्या डोळ्यापुढं सम्राटचं हॉस्टेल आलं.

“व्हय,” मी म्हणालो. “तिथंच जमलं. चांगली हाय अकॅडमी.”

अक्काताईंनी किटलीसाठी पुढं केलेला हात मागं घेतला. ओरडल्या न्हाईत. नुसतं म्हणाल्या, “आकाराम, ह्यांची वही दे.”

त्यांना कसं कळलं वही माझ्याकडं हाय? तेजस्वीनं फोन केला असंल. मी गल्ल्याशेजारची पिशवी काढून दिली. त्यांनी ती काखेत धरली आन् त्या माणसाकडं वळल्या.

“पावणं, म्हस इकू नगा. पोरीला घेऊन घरी चला, चहा घ्या. ह्याची पोरगी जिथं शिकली, ते घर दाखवते.”

तो माणूस एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघाय लागला. मी मान खाली घातली. तेवढं त्याला पुरलं. तिघं चालत गेले. सरांनी दारात येऊन त्या पोरीला काहीतरी विचारलं. पोरगी हसली.

किटली माझ्या काट्यावरच राहिली, काठोकाठ भरलेली. नेऊन द्यायला चाळीस पावलं. मी दुपारपर्यंत बसून राहिलो, पाय काय निघाले न्हाईत. दूध नासलं. ते गटारीत ओतलं आन् किटली धुऊन पालथी घातली.