न सापडलेलं हरण

सिंगापुरात बंदूक बाळगण्याचा विचारही माणूस जपून करतो. त्यामुळे सेरंगूनच्या ज्या कॉन्डोत मी अधूनमधून रविवारी जेवायला जातो, तिथल्या यजमानांची रायफल न्यूझीलंडमध्ये एका मित्राकडे असते आणि इथे असतो तो फक्त शिकारीचा पोशाख. तो त्यांनी आम्हाला दोनदा घालून दाखवला आहे. चपलांच्या कपाटावर शिंगं टांगलेली आहेत. मूळचे पुण्याचे, एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. वर्षातले दहा दिवस डोंगरात हरणं मारायची आणि उरलेले दिवस त्याबद्दल बोलायचं, असा त्यांचा क्रम.

"आम्ही शिकारी जनावराचा आदर करतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. तिकडे हरणं बाहेरून आणलेली आणि उपद्रवी समजली जातात, हेही ते त्याच दमात सांगतात. आदर म्हणजे नक्की काय करता, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांचं उत्तर: मेलेल्या हरणाच्या तोंडाचं रक्त पुसायचं, लोंबणारी जीभ आत सारायची आणि मगच शेजारी बसून फोटो काढायचा.

त्या रविवारी माझ्याबरोबर बाबा होते. दोन महिन्यांसाठी ते माझ्याकडे बिशानला आले होते. सरकारी गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले डॉक्टर. हे कळल्यापासून यजमानांनी "काकांना घेऊनच ये" असं मला तीनदा फोन करून बजावलं होतं. मला वाटलं, नवा श्रोता मिळतोय म्हणून.

जेवणं झाल्यावर त्यांनी टीव्हीवर फोटो लावले. तीन पायांची हरिणी, मागे धडधाकट पाडस. अर्धा जबडा उडालेला नर, तरी अंगानं भरलेला. खांद्याचं एक हाड, त्यात जुनी गोळी आणि तिच्याभोवती गुळगुळीत वाढलेलं नवं हाड. शेवटी इथल्याच, सिंगापुरातल्या मंडाईच्या रस्त्याकडेचं सांबर. ते गाडीची धडक खाऊन पडलं होतं आणि यजमानांच्या डोळ्यांदेखत उठून लंगडत झाडीत गेलं होतं.

"पपा, एव्हरी संडे सेम डिअर लाह," त्यांची मुलगी म्हणाली आणि हेडफोन लावून आत गेली.

"काय चिवट जात आहे बघा, काका! आपला गुडघा दुखला की आपण एमआरआय काढतो. यांना वेदना आपल्यासारख्या नसतातच. उद्याची काळजी नाही, काही नाही. बरोबर ना?"

"ओरडत नाहीत, हे खरं," बाबा म्हणाले. "ओरडणाऱ्याला वाघ-लांडगा आधी उचलतो ना. माझ्याकडे पाय मोडलेले बैल यायचे, शांत उभे राहायचे. हात लावला की सगळी कातडी थरथरायची."

हे उत्तर यजमानांना फारसं मानवलं नाही. "पण जगतात ना एवढं लागूनही?"

"पायाला लागलं तर पुष्कळ जगतात."

"पायालाच लागली होती," यजमान घाईनं म्हणाले.

"कुणाला?"

मग ती हकिगत बाहेर आली. गेल्या खेपेला दिवस मावळताना त्यांनी एका नरावर गोळी झाडली. तो झाडीत गेला, अंधारामुळे लगेच मागे जाता आलं नाही आणि पुढे तो सापडलाच नाही. जखमी जनावर सोडून येणं ही शिकाऱ्यांत सगळ्यात मोठी नाचक्की. त्यानंतर ते पुन्हा गेलेच नव्हते. मी समजत होतो, कामामुळे. ते फोटो कशासाठी जमवले होते, हे मला तेव्हा कळलं. त्यांना श्रोता नको होता, डॉक्टरचा शब्द हवा होता.

बाबा दवाखान्यात बसल्यासारखे सरळ झाले. "गोळी लागल्यावर काय केलं त्यानं?"

"पाठीची कमान केली. मग हळूहळू चालत आत गेला."

"गवतावर रक्त?"

"होतं. काळपट. थोडं हिरवट."

"वास?"

"होता," यजमान म्हणाले.

"मग पाय नव्हे, पोट. असं जनावर जवळपासच बसतं. लगेच मागे गेला नाहीत, ते बरं केलंत. सकाळी गेलात?"

"तिसऱ्या दिवशी. पावसानं सगळं धुऊन गेलं होतं."

"मधला दिवस?"

"धुकं होतं फार."

"धुकं कसलं!" वाट्या उचलताना वहिनी म्हणाल्या. "संकष्टी होती. सासूबाईंना शब्द दिलाय ना, चतुर्थीला बंदुकीला हात लावणार नाही म्हणून. रेंज मिळेना तर टेकडी चढून मला फोन केला होता ह्यांनी, चंद्रोदय इथला धरायचा की तिकडचा!"

एरवी असं काही हाती लागलं की मी ते महिनाभर पुरवून सांगतो. पण यजमानांच्या तोंडाकडे बघून मला हसू आलं नाही. वहिनीही वाट्या घेऊन तिथेच उभ्या राहिल्या.

"काका, म्हणजे ते जगलं नाही?"

"नाही."

"मग दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो असतो तर…"

बाबांनी चष्मा काढून पुसला. "रात्रीतच गेलं असणार. सकाळी नुसतं धूड मिळालं असतं तुम्हाला."

यजमानांनी पुन्हा विचारलं. बाबांनी पुन्हा तेच सांगितलं, आतल्या रक्तस्रावासकट. अशा जखमांबद्दल यजमानांनी स्वतः पुष्कळ वाचलं असणार. तरी त्यांनी वाद घातला नाही. आम्हाला सोडायला ते खाली गेटपर्यंत आले आणि बाबांच्या चक्क पाया पडले.

परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसल्यावर मी विचारलं, "रात्रीत जातं असं जनावर?"

"पोट फुटलेलं? दोन दिवस सहज काढतं. कधी तीन."

"मग?"

"वर्षभर झोप नाहीये त्या माणसाला," बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बोगद्याशिवाय काही नव्हतं.

बाबा पुण्याला परतले. गेल्या आठवड्यात यजमानांचा फोन आला. आवाज मोकळा. पुन्हा जातायत, दहा दिवस. काकांना माझा नमस्कार सांग. मी बाबांना फोनवर दोन्ही सांगितलं.

"अरे, मला वाटलं, आता तरी तो शिकार सोडून देईल," बाबा म्हणाले.

"मग खरं काय ते सांगू का त्यांना?"

"तिकीट रद्द होण्यासारखं आहे का?"

"विचारतो," मी म्हटलं.

त्यांचं विमान शुक्रवारी आहे. मी अजून विचारलेलं नाही.