खाऱ्या पाण्याची सभापती

आत्याला अटक झाली तेव्हा मी अमरावतीत एका वकिलांकडे टायपिंग करत होते. त्यामुळे ती बातमी मला नातेवाईक म्हणून कळायच्या आधी कामाचा कागद म्हणून कळली. वकीलसाहेबांनी टेबलावर एक चिठ्ठी ठेवली आणि म्हणाले, "सरकारी कामात अडथळा, अधिकाऱ्याला कोंडून ठेवणे. सात बाया आहेत. जामिनाचे अर्ज टाईप कर." सातांतलं पहिलंच नाव आत्याचं होतं. मी म्हटलं, "साहेब, ही माझी आत्या आहे." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मग स्पेलिंग तरी चुकणार नाही."

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. भातकुलीच्या पलीकडच्या एका गावात तिला दिलेली. तो सगळा खारपाणपट्टा. विहीर खणा, बोअर मारा, पाणी खारटच लागतं. त्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि चहात दूध टाकलं की ते फाटतं. आम्ही सुट्टीत तिच्याकडे जायचो तेव्हा आई कपड्यांच्या पिशवीबरोबर पाण्याच्या दोन कॅन द्यायची. लोक पाहुणे जाताना खाऊ नेतात, आत्याकडे आम्ही पाणी न्यायचो.

गावाला गोड्या पाण्याची योजना मंजूर झाली होती. पाईप टाकत टाकत गावापासून दोन-तीन किलोमीटरवर आला आणि थांबला. का थांबला ते कोणी नीट सांगेना. अर्ज झाले, निवेदनं झाली. शेवटी एक अधिकारी पाहणीला आले. ग्रामपंचायतीच्या खोलीत बसले, कागद उलटे-सुलटे केले आणि निघायला उठले. तेवढ्यात आत्या चहा घेऊन आली. बोअरच्या पाण्याचा. वर दुधाच्या गाठी तरंगत होत्या.

साहेबांनी कप हातात घेतला, बघितला आणि खाली ठेवला.

"प्या ना साहेब," आत्या म्हणाली. "आमी रोजच पितो."

साहेब म्हणाले, आता वेळ नाही. आत्या म्हणाली, मग वेळ होईस्तोवर बसा. बाहेर येऊन तिनं दाराला कडी घातली. पुढचे दोन तास ती आणि तिच्यासोबतच्या सहा बाया दर थोड्या वेळानं खिडकीतून नवा चहा आत सरकवत होत्या. कोणी शिवी दिली नाही, कोणी आवाज चढवला नाही. पोलिसांची गाडी आली तेव्हा खिडकीच्या फळीवर नऊ कप ओळीनं उभे होते.

बाकीच्या सहा जणींचा जामीन लवकर झाला. आत्यानं अर्जावर सहीच केली नाही. वकीलसाहेब स्वतः समजवायला गेले.

"बाई, नुसती सही करायची आहे."

"पाईप आला का गावात?"

"त्याचा आणि याचा काय संबंध?"

"मंग मले कशाले बाहेर काढता? बाहेर जाऊन बी तेच पानी प्यायचं हाये."

आत्याच्या यजमानांना आम्ही मामाजी म्हणतो. फार गरीब स्वभावाचा माणूस. बायको जेलात बसली आणि येत नाही म्हणते, हे लोकांना कसं सांगायचं या विचारानं ते अर्धे झाले. मी अमरावतीतच राहत असल्यामुळे मुलाखतीला मीच जायची. आधी नाव नोंदवायचं, मग बाकावर बसून राहायचं, मग जाळीच्या पलीकडे आत्या यायची. आजूबाजूला सगळे एकाच वेळी बोलायचे, त्यामुळे प्रेमाचं वाक्यसुद्धा ओरडून म्हणावं लागे.

पहिल्या भेटीत ती ताठ होती. पदर नीट, केस चोपून बांधलेले. म्हणाली, "पोरी, इथं वरण शिजते."

"म्हणजे?"

"पातळ हाये, पन शिजलेलं हाये. पानी गोड आहे इथचं. काल पहिल्यांदा पेला भरून पेली आन् मले रागच आला. कैद्याले गोड पानी, आन् आमी काय गुन्हा केला?"

हे ती हसत म्हणाली, पण मला कळलं की हे तिच्या डोक्यात बसलंय.

दुसऱ्या भेटीला मामाजींना बरोबर नेलं. ते हातातल्या पिशवीचा बंद चाळत राहिले. शेवटी आत्यानंच विचारलं, "म्हैस दूध देते का?"

मामाजी जाळीकडे न बघता म्हणाले, "देत नव्हती. कोनाले जवळच येऊ देईना. मंग मी तुह्यं हिरवं लुगडं गुंडाळलं."

"तुमी?"

"डोक्यावरून पदर बी घेतला. मंग देल्लं."

आत्या अशी हसली की पलीकडची पहारेकरीण बघायला आली. मामाजी लाजून लाल झाले. पण परत येताना बसमध्ये बराच वेळ त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू होतं.

ही झाली गावात सांगायची गोष्ट. तिसरी भेट मात्र वेगळी झाली. त्या दिवशी आत्याचे केस विस्कटलेले होते आणि डोळे सुजलेले. तिनं जाळीला बोटं लावली आणि हळू आवाजात म्हणाली. त्या गोंगाटात मला ओठांवरूनच समजून घ्यावं लागलं.

"मले घरी ने. नाई होत माह्याकडून."

संध्याकाळी मोजणी होते आणि दार बंद होतं, त्या आवाजानंतर छातीत धडधड सुरू होते म्हणाली. बीपीची गोळी घेऊनही डोकं दुखतं. लेकीची परीक्षा चालू आहे, तिची वेणी कोण घालत असेल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गावातून कोणी येत नाही. "माह्या एकटीच्या आत बसन्यानं कोनाचं काय अडून राह्यलं? सह्या घे. कागद आन."

मी म्हटलं, "उद्याच आणते." खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. मी अर्ज टाईप करूनच ठेवला होता. परत येऊन मामाजींना फोन केला. ते फोनवर नुसते नाक ओढत राहिले.

मुलाखतीची परवानगी मिळायला दोन दिवस गेले. कागद पिशवीत घालून मी गेले. आत्या आली ती पदर खोचून, कामातून उठून आल्यासारखी.

"आणले का कागद?"

"आणले."

"राहू दे आता तुह्याजवळच."

झालं होतं असं. तिच्या बराकीत एक बाई होती, बऱ्याच दिवसांपासून आत. तिला भेटायला कोणी आलेलं कोणी पाहिलं नव्हतं. आत्या दहावीपर्यंत शिकलेली, हे तिला कुठून तरी कळलं. ती आत्यापाशी येऊन बसली आणि म्हणाली, माझी लेकरं बहिणीकडे आहेत, त्यांना एकदा आणून दाखवा, असा अर्ज करायचा आहे. आत्यानं लिहून दिला. आपल्या गावच्या पाण्याचे इतके अर्ज तिनं लिहिले होते की 'सविनय सादर' तिला झोपेत लिहिता आलं असतं. दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे पाच बाया बसल्या होत्या. एकीला आपल्या वकिलाचं नावच माहीत नव्हतं. एकीला आपली तारीख कोणती ते माहीत नव्हतं.

"अजून दोघींचे राह्यले," आत्या मला म्हणाली. "त्या जागेवरून हलू देत नाईत मले. तू काय समजून राह्यली, मले इथं राहाची हौस आहे? पन बाई हात धरून बसते आन् सांगते. उठता येत नाई."

आठवड्यानं त्या पहिल्या बाईची लेकरं खरंच आली. मी बाकावर बसले होते तेव्हा दोन मुली मावशीच्या साडीला धरून आत गेल्या. बाहेर येताना धाकटीच्या हातात कागदाची केलेली चिमणी होती.

इकडे गावातही हालचाल सुरू होती. कोण म्हणे आत्याला कोणी विचारत नाही? त्या सहा जणी रोज थर्मास घेऊन तालुक्याच्या ऑफिसात जाऊन बसत होत्या. येईल त्याला चहा. आम्हाला हे ठाऊक नव्हतं, कारण त्यांना जेलात यायची भीती वाटत होती आणि फोनवर त्या फक्त मामाजींशी बोलायच्या. मामाजींना वाटायचं, हे सांगितलं तर आत्याचं बीपी वाढेल.

एके सकाळी मामाजी माझ्याकडे आले, पायात चिखल तसाच. म्हणाले, ट्रकमधून पाईप उतरवले. देवळाजवळ. आम्ही दोघं भेटीला गेलो.

"मोजले का?" आत्यानं पहिला प्रश्न विचारला.

"मोजले. पहिल्या ट्रकातले बेचाळीस."

"खोदायची मशीन?"

"आली. सुरू बी झाली."

आत्यानं माझ्याकडे बघितलं. "काढ वं ते कागद."

ती तेवीस दिवसांनी बाहेर आली. पुढे पंचायत समितीची निवडणूक लागली आणि आत्याच्या भागातली जागा महिलांसाठी निघाली. दोन्ही पक्षांचे लोक तिकीट द्यायला येऊन गेले, पण आत्या अपक्ष उभी राहिली. चिन्ह मिळालं शिलाई मशीन. तिला बटणसुद्धा नीट लावता येत नाही. प्रचाराला मी चार दिवस रजा काढून गेले. एका सभेत गावातल्या एका भाऊंनी जोरात भाषण केलं की आपल्या बाई तेवीस दिवस एकदाही डगमगल्या नाहीत. आत्यानं त्यांच्याकडून माईक घेतला.

"डगमगली होती," ती म्हणाली. "बाराव्या दिवशी रडून सही मागतली. माह्या भाचीले इचारा, ते बसली हाये. पन आतल्या बायाईनं बसवून ठेवलं."

 मला वाटलं, आता मतं गेली. मागच्या रांगेतली एक म्हातारी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मंग आमाले बी बसवून ठेव बाई." लोक हसले, टाळ्या वाजल्या, आणि आत्या निवडून आली.

खरी गंमत त्यानंतरची. दोन्ही बाजूंचे सदस्य सारखे निघाले आणि मध्ये आत्याचं एक मत. सगळीकडून फोन. बाकी सदस्य कोणी कुठे फिरायला गेले होते, आत्या माझ्या अमरावतीच्या दोन खोल्यांत येऊन राहिली. फोन तिनं तांदळाच्या डब्यात ठेवला. तिसऱ्या दिवशी तो काढून तिनं दोन्ही बाजूंना एकच उत्तर दिलं: सभापतिपद महिलांसाठी आहे, ते मला द्याल तर तुमच्याबरोबर. पहिल्यांदा ज्यांनी हो म्हटलं त्यांच्याबरोबर ती गेली. वकीलसाहेब म्हणाले, "ही बाई जेलात काय शिकून आली?" मी म्हटलं, सही कधी करायची ते.

केस मात्र चालूच होती. सभापती सरकारी गाडीनं ऑफिसात जायची आणि तारखेला एसटीनं कोर्टात, कारण आरोपी म्हणून जाताना गाडी वापरणं तिला पटत नव्हतं. त्या साहेबांची साक्ष झाली तेव्हा ते निवृत्त झाले होते. मारहाण, धमकी काही झालं का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "नाही. आग्रह फार झाला." निकाल आत्याच्या बाजूनं लागला. बाहेर आल्यावर तिनं त्यांना वाकून नमस्कार केला आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला ते अजून थोडं विचित्र वाटतं.

आता मी नोकरीनिमित्त अकोल्याला असते. आत्या दुसऱ्यांदा निवडून आलीय. तिच्या गावात गोडं पाणी येतं, पण सगळं जमलं असं नाही. चार गावांत अजून टँकर जातो आणि तिथल्या बाया तिला स्पष्ट सुनावतात. सध्या ती कॉलेजच्या मुलींसाठी सकाळची बस मागतेय. मागच्या महिन्यात मी तिला भेटायला ऑफिसात गेले. मी दारात दिसताच तिनं बाकाकडे बोट दाखवलं. बाकावर तिघी आधीच बसलेल्या होत्या. माझा नंबर चौथा होता. मी बसले.